सूर्याच्या भरवशावर विमान : नवशिक्यांसाठी पायरीपायरीनं

अभिनंदन! नोटीस बोर्डावरचा कागद वाचून तुम्ही सौर ऊर्जेच्या मदतीनं उडणारं रिमोट कंट्रोल विमान बनवायच्या स्पर्धेत नाव घातलंत. नियमावली तुम्ही अजून वाचलेली नाही, हे गृहीत धरून ही मार्गदर्शिका लिहिली आहे. नियमावली स्पर्धेच्या आदल्या रात्री, रेल्वेच्या साइड लोअर बर्थवर, मोबाइलच्या उजेडात वाचायची प्रथा आहे. प्रथा मोडवत नसेल तर निदान वजन, पंखांची लांबी आणि बॅटरी यांच्या मर्यादा आजच पाहून ठेवा. विमान पूर्ण झाल्यावर पंख अर्ध्या फुटानं कापायची वेळ येते तेव्हा करवत कोणी धरायची यावरून मैत्र्या तुटतात.

पायरी १ : टीम जमवा

टीममध्ये भरपूर माणसं घ्या. त्यातली चार काम करतील, काही ग्रुपवर अंगठा दाखवतील आणि उरलेली टी-शर्टचा रंग ठरवतील. टी-शर्टवरची चर्चा विमानावरच्या चर्चेपेक्षा नेहमीच लांबते, कारण रंगाबद्दल प्रत्येकाला मत असतं, रेनॉल्ड्स नंबरबद्दल नसतं.

एक माणूस मात्र पहिल्याच दिवशी शोधा : पायलट. नवशिकी टीम आधी विमान बनवते आणि मग "उडवणार कोण?" असं विचारते. त्यावर सगळ्यांच्या नजरा त्या एका मुलाकडे वळतात, ज्याच्या घरी प्लेस्टेशन आहे. असं करू नका. पायलटला आधी सिम्युलेटरवर बसवा. मग कोरोप्लास्टचं स्वस्त ट्रेनर विमान द्या आणि ते मनसोक्त मोडू द्या. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. हे डोक्याला एका वाक्यात समजतं, बोटांना समजायला पूर्ण सेमिस्टर लागतं.

पायरी २ : सूर्याकडून किती मिळणार ते मोजा

इथे बहुतेक टीम उत्साहानं "सूर्य म्हणजे अखंड ऊर्जा" असं लिहून मोकळ्या होतात. तुम्ही कॅल्क्युलेटर घ्या.

स्वच्छ दुपारी सूर्यासमोर काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॉट येतात. हौशी मंडळी विमानांवर लावतात ते सिलिकॉनचे चांगले सेल त्यातले २२-२३ टक्के पकडतात. १२५ मिलिमीटर बाजूचा असा एक सेल कंपनीच्या कागदावर साधारण ३.४ वॉट देतो आणि त्याचा दाब अर्ध्या व्होल्टच्या किंचित वर असतो. समजा, तीन मीटर लांब आणि पाव मीटर रुंद पंखावर तुम्ही असे २४ सेल एकापुढे एक जोडलेत. कागदावर ८२ वॉट झाले. टीममध्ये टाळ्या वाजतात. टाळ्या थांबल्या की वजाबाकी सुरू करा.

पंख आडवा आहे, सूर्य डोक्यावर नाही. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, म्हणजे आडव्या पंखाला मिळणारं ऊन पाऊणपटीच्याही थोडं खाली येतं. पंखावर चढवलेली पारदर्शक फिल्म थोडा उजेड खाते. सेल तापला की २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का शक्ती गळते. वायर, सोल्डर आणि सर्किट आपापला वाटा घेतात. शेवटी हातात ५५ वॉट पडले तर देवाला नारळ फोडा.

सूर्य बरोबर डोक्यावर यावा असा हट्टच असेल तर पुण्याला मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस असतो. त्या सुमारास तुमची परीक्षा असते. दुसरी संधी जुलैअखेर येते. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सूर्य व डोकं यांच्यामध्ये पावसाळा असतो.

आता खर्चाची बाजू. अडीच किलोच्या विमानाला जमीन सोडून वर चढताना तीनशेच्या आसपास वॉट लागतात. म्हणजे या लग्नात नवरदेव बॅटरी आहे आणि सूर्य मामा : मान मोठा, फोटो भरपूर, पण बोहल्यावर उभं राहायचं काम त्याच्याकडे नाही. मात्र विमान वर गेलं, सरळ झालं, सेकंदाला दहा मीटरच्या संथ वेगानं तरंगू लागलं, की त्याची गरज झपकन खाली येते. नीट बनवलेलं असेल तर तीही पन्नास-साठ वॉटच्या घरात येते. सूर्याची मदत जाणवते ती इथे, आणि इथेच. म्हणून पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि म्हणूनच ती बहुतेक टीम गाळतात.

पायरी ३ : विमानाची भूक कमी करा

सौर विमानांचा इतिहास सेल वाढवणाऱ्यांपेक्षा वजन घटवणाऱ्यांनी जास्त घडवला आहे. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियात कॅम्प अर्विनच्या कोरड्या तळ्यावर रॉबर्ट बाउचर यांचं 'सनराइज' हे सूर्यावर चालणारं पहिलं विमान उडालं. त्यात माणूस नव्हता. ४०९६ सेल मिळून सुमारे ४५० वॉट देत होते. तेवढ्यात भागलं, कारण जवळपास दहा मीटर पंखांच्या त्या विमानाचं वजन बारा-तेरा किलोच होतं. १९८१ साली पॉल मॅक्रेडी यांच्या 'सोलर चॅलेंजर'नं पायलटला घेऊन, एकही बॅटरी न बाळगता, इंग्लिश खाडी ओलांडली. २०१५ च्या मार्चमध्ये अहमदाबादला उतरलेल्या 'सोलर इम्पल्स २'चे पंख ७२ मीटर होते आणि वजन जेमतेम २३०० किलो. पंखांत ते बोइंग ७४७ ला मागे टाकतं.

आता तुमच्या वर्कशॉपकडे या. विमान एका झटक्यात जड होत नाही. ते प्रेमानं जड होतं. एक जण म्हणतो, "स्पार जरा जाड घेऊ, सेफ्टी." दुसरा प्रत्येक जोडावर फेविक्विकचा आणखी एक थर देतो. तिसरा लँडिंग गिअरला लोखंडी बोल्ट लावतो, कारण ॲल्युमिनियमचे आणायला बाजारात कोण जाणार? चौथा स्पॉन्सरच्या लोगोचे स्टिकर चिकटवतो, तेही दोन्ही बाजूंना. कोणीच चुकीचं वागलेलं नसतं आणि विमान पावशेरानं वाढलेलं असतं.

पंख तेच ठेवून वजन दहा टक्के वाढलं की तरंगत राहायला लागणारी शक्ती साधारण पंधरा टक्के वाढते. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. विमानावर लावू नका.

उपाय साधा आहे. किचनमधला डिजिटल काटा आणा आणि वहीत प्रत्येक तुकड्याचं वजन लिहा : बाल्साची रिब, सर्वो, वायर, डिंकसुद्धा. वहीची जबाबदारी टीममधल्या सगळ्यात चिकट माणसाला द्या. तो सध्या तुम्हाला आवडत नसेल. एप्रिलपर्यंत आवडू लागेल.

पायरी ४ : सेल लावा

हे काम घाईत करू नका, उपाशी करू नका आणि पंखा लावून तर मुळीच करू नका. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याहूनही कमी असते. छतावरचा पंखा चालू ठेवला तर एखादा सेल टेबलावरून स्वतःहून उड्डाण करतो. तुमच्या प्रकल्पाचं ते पहिलं सौर उड्डाण ठरतं.

या जातीच्या सेलचे धन आणि ऋण दोन्ही टोकांचे जोड पाठीमागेच असतात. सेल पालथा घाला, खाली मऊ कापड घ्या. जोडायची पट्टी ठेवा, फ्लक्सचा थेंब लावा आणि सोल्डरिंग आयर्न टेकवून लगेच उचला. टेकवून विचार करत बसलात तर जागा जळते. घाबरून अर्धवट टेकवलंत तर जोड कच्चा राहतो आणि हवेत सुटतो. हात सरावण्यासाठी फुटका सेल घ्या. फुटका सेल नसेल तर काळजी नको, दहा मिनिटांत मिळेल.

मोडताना सेल बारीक 'टिक्' असा आवाज करतो. त्या आवाजानंतर खोलीत जी शांतता पसरते ती कुठल्याही प्राध्यापकाला आजवर जमलेली नाही. मोडलेला सेल फिल्मखाली शाबूत दिसतो, म्हणून प्रत्येक रांग फिल्म चढवण्याआधी आणि चढवल्यानंतर उन्हात मोजा.

पंखाचा आकार निवडतानाही सेलची आठवण ठेवा. फार फुगीर पाठीचा पंख भार छान उचलतो, पण सेल तेवढा वाकत नाही. पुढची गोलाई मोकळी सोडा आणि मागच्या सपाट भागावर सेल बसवा. पंख बनल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो टोकाला धरून "किती लवचिक आहे!" असं वाकवून बघायचं असतं. वर्कशॉपच्या काकांना सांगून दाराला कडी लावून घ्या. सर आले तरच उघडा, आणि सरांच्या हातात आधी चहाचा कप द्या.

पायरी ५ : गच्चीवर मोजा

पंख होस्टेलच्या गच्चीवर न्या, वॉटमीटर जोडा आणि आकडा वाचा. तो अपेक्षेच्या निम्माही नसेल. आता नेहमीचा क्रम पाळा : आधी एमपीपीटीला दोष द्या, मग ते ज्यानं ऑनलाइन मागवलं त्याला, मग चिनी मालाला.

एमपीपीटी हे छोटं सर्किट सेलमधून घ्यायचा व्होल्टेज आणि करंट असा जुळवत राहतं की दोघांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा. बिचाऱ्याचा दोष नसतो. मान वळवा. दोरीवर कोणीतरी टॉवेल वाळत घातलेला आहे आणि त्याची सावली चोवीसपैकी एका सेलवर पडली आहे. सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे सगळ्यांमधून एकच करंट वाहतो, आणि सावलीतला एकटा सेल बाकी तेवीस जणांना अडवून धरतो. वरून अडवलेली शक्ती त्याच्याच अंगात जिरून तो तापतो. टॉवेल उचला, आकडा उडी मारतो. यावरून दोन धडे घ्या : सेलच्या गटांना बायपास डायोड लावा, आणि विमानाची उभी शेपटी, अँटेना, जीपीएसचा खांब यांची सावली दिवसभरात कुठे पडते ते आधी बघा. विमान वळताना पंख कलतो. अर्धा फेरा सूर्याकडे, अर्धा पाठ फिरवून. म्हणून वळणं मोठी आणि सावकाश घ्या.

लिथियम पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट आहे. विमान उन्हात ठेवून चहाला गेलात आणि चार्जिंग थांबवायची सोय केलेली नसेल, तर परत आल्यावर चहाचं नाव काढावंसं वाटणार नाही. जवळ वाळूची बादली ठेवा.

पायरी ६ : पैसे आणि सह्या

स्पॉन्सर गाठताना 'एरोडायनॅमिक्स' हा शब्द टाळा. मंगल कार्यालयाच्या मालकाला त्यात रस नसतो. पंखाखाली त्याचं नाव किती मोठं येईल, यात असतो. विमान वर गेल्यावर ते कोणाला वाचता येणार नाही, हे त्याला तुम्ही सांगू नका. कॉलेजच्या पैशांसाठी तीन कोटेशनं लागतात. तीन दुकानं सापडत नसतील तर एकाच दुकानदाराला विचारा. बाकीची दोन त्याच्याकडे तयार असतात.

पायरी ७ : मैदानात उतरा

आधी नकाशा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेलं आहे. हिरव्या भागातही सर्वसाधारण मर्यादा ४०० फुटांची. पुण्यासारख्या शहरात, जिथे लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, तिथे "आमच्या मागच्या ग्राउंडवर उडवू" असं म्हणण्याआधी नकाशा दोनदा बघा.

मग वेळ. सकाळी वारा नसतो, पण सूर्य खाली असतो. दुपारी सूर्य वर येतो आणि बरोबर वारा आणि तापलेल्या जमिनीवरचे उफाळे घेऊन येतो. सेकंदाला दहा मीटरनं जाणाऱ्या विमानासमोर आठ मीटरचा वारा आला तर ते जमिनीवरून बघणाऱ्याला जागच्या जागी थबकलेलं दिसतं. प्रेक्षकांना वाटतं कौशल्य. पायलटला घाम फुटलेला असतो. साडेदहा-अकराचा सुमार हा त्यातल्या त्यात मधला मार्ग.

उडवण्यापूर्वी विमान दोन बोटांवर तोला. भारकेंद्र पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव ते तिसऱ्या हिस्श्यात हवं. शेपटीकडे जड विमानानं दुसऱ्या उड्डाणाची चिंता कायमची मिटते. नंतर स्टिक उजवीकडे करा : उजवं एलेरॉन वर गेलं पाहिजे. खाली गेलं तर सर्वो उलटा लागला आहे. ही तपासणी मोठ्यानं बोलून करा, कारण काल रात्री दोन वाजता "मी चेक केलंय रे" म्हणणारा माणूस आज झोपलेला असतो.

विमान मैदानात पडलं तर ते तुमचं नशीब. एरवी ते दोन ठिकाणी जातं : बाभळीवर किंवा उसात. उसात गेल्यावर प्रत्येक जण वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. म्हणून विमान दिसेनासं होताक्षणी एकानं जागचं न हलता त्या दिशेला हात धरून उभं राहावं, आणि पन्नास पावलं बाजूला आधीच उभ्या असलेल्या दुसऱ्यानंही तसंच करावं. दोन रेषा जिथे छेदतात तिथे शोधा. शेताच्या मालकांना आधी विचारा, "काका, आमचं विमान आलंय का इकडे?" त्यांचा चेहरा तुम्हाला आयुष्यभर लक्षात राहील.

पायरी ८ : परीक्षकांसमोर

एसएईच्या एअरो डिझाइनसारख्या स्पर्धांत उड्डाणाबरोबरच अहवाल आणि सादरीकरणही गुण मिळवून देतं. पहिल्या स्लाइडवर शिवकर बापूजी तळपदे घालायचा मोह आवरा. १८९५ साली चौपाटीवर त्यांचं विमान उडाल्याची कथा आपल्याला कितीही प्रिय असली तरी तिला त्या काळचा खात्रीचा पुरावा नाही, आणि परीक्षक पुढचा अर्धा तास तुमच्याकडे पुरावेच मागणार आहेत.

मागच्या रांगेत एक परीक्षक गप्प बसलेले असतील. ते शेवटी एकच प्रश्न विचारतील : "हे सगळे सेल काढून तेवढ्याच वजनाची बॅटरी लावली असती तर?"

इथे 'ग्रीन एनर्जी', 'सस्टेनेबल फ्यूचर' वगैरे म्हणू नका. गणित सांगा. सेल, फिल्म, वायर आणि एमपीपीटी मिळून २६० ग्रॅम. लिथियम पॉलिमर बॅटरीत किलोला साधारण १५० वॉट-तास मावतात, म्हणजे २६० ग्रॅममध्ये ३९. तुमचे सेल ५५ वॉटनी तेवढी ऊर्जा जमवायला बेचाळीसेक मिनिटं घेतात. उड्डाण दहा मिनिटांचं असेल तर सूर्यानं जेमतेम नऊ वॉट-तास दिले आणि बॅटरी सरळ जिंकली. बेचाळीस मिनिटांनंतर मात्र पारडं फिरतं आणि फिरतच जातं. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी पावणेसहा मीटरच्या आत पंख असलेलं 'अटलांटिकसोलर' २०१५ च्या जुलैमध्ये सलग ८१ तास हवेत ठेवलं. दिवसा सेल बॅटरी भरत होते, रात्री ती पुरत होती. तेवढ्याच वजनाची नुसती बॅटरी लावून हे कोणाला साधलं नसतं.

म्हणून उत्तर असं द्या : "सर, दहा मिनिटांसाठी सेल ओझं आहेत. तासाभरासाठी फायद्याचे आहेत. आमचं विमान तासाभरासाठी बनवलंय." परीक्षक वहीत काहीतरी लिहितील. मग ते विचारतील, "तासभर उडवलंय का?" याचं उत्तर ही मार्गदर्शिका देऊ शकत नाही, ते आधीच्या सात पायऱ्यांवर अवलंबून आहे.

आणि तासभर उडवायचंच असेल तर उड्डाणाच्या वेळी पायलटच्या डोळ्यांवर चांगला गॉगल असू द्या. ज्याच्या भरवशावर तुम्ही आलात तोच डोळ्यांत जातो आणि विमान त्याच्यापुढून गेलं की दिसेनासं होतं.

वारंवार विचारल्या जाणाऱ्या शंका

*उडताना ढग आला तर?* काही नाही. त्यासाठीच बॅटरी आहे. टेलिमेट्रीवरचा आकडा खाली जाईल आणि टीममधला एक जण वर बघून वाऱ्याला शिव्या देईल. देऊ द्या.

*मोटर फिरते, पण विमानाला पुरेसा जोर येत नाही?* बहुधा प्रोपेलर उलटा बसवला आहे. अक्षरं छापलेली बाजू पुढे हवी. हे कोणाला सांगू नका, गुपचूप फिरवा.

*स्पर्धेच्या सकाळी रिब मोडली?* बाल्सा, फेविक्विक आणि शांत डोकं. पहिल्या दोन वस्तू किटमध्ये असतात.

*आमचा नंबर येईल का?* विमान धडधाकट परत आलं आणि वही भरलेली असेल तर पुढच्या टीमचा येण्याची शक्यता बरीच वाढली.

*पुढच्या वर्षी किती सेल लावावेत?* यंदा लावलेत तेवढेच. अडीच किलोच्या विमानातून दोनशे ग्रॅम काढून दाखवा. पंचावन्न वॉटची भूक सहा-साडेसहा वॉटनी घटेल, म्हणजे जवळजवळ तीन सेलांची कमाई झाली. आणि ही कमाई ढगाळ दुपारीही मिळते, संध्याकाळीही मिळते, शिवाय सोल्डर करताना 'टिक्' वाजत नाही.